भिंतीवरचे प्रभाकरजी

३ मार्च, सोमवार

बाबा गेल्यावर अठरा दिवसांनी ऑफिस. बॅग ठेवली, वर बघितलं – भिंतीवर बाबा! विसरलेच होते. कार्डावर नाव 'प्रभाकरजी, वय ६८', फोटो मात्र बाबांचा. अ‍ॅप करताना आम्ही असा एक नमुन्याचा माणूस ठरवतो आणि प्रत्येक स्क्रीन त्याला जमेल का ते बघतो. हे माझे वडील, असं इथे कुणालाच सांगितलेलं नाही.

मॅनेजर अभिजीत म्हणाला, "बहुत बुरा हुआ." आणि लगेच – "ग्यारह बजे प्लॅनिंग है."

४ मार्च

उभ्याने घ्यायची मीटिंग. पंधरा मिनिटं म्हणतात, चाळीस झाली. हॉस्पिटलच्या अ‍ॅपमध्ये ओपीडीचा नंबर लावायच्या पानावर जाहिरातीची पट्टी टाकायचीय. बटण खाली जाणार. म्हटलं, वयस्कर माणसाला दिसणार नाही. सायली – कोड लिहिते ती – हसली. "यार विनिता, तेरे प्रभाकरजी को तो कुछ नहीं दिखता. चश्मा दिला दे उनको!"

सगळे हसले. मीसुद्धा! त्याचाच जास्त राग येतोय.

७ मार्च

आईने बाबांच्या चपला दारातून आत घेतल्या.

१० मार्च, सोमवार



अभिजीत म्हणाला, "प्रभाकरजी को अब रिटायर करते हैं. वो तो पास हो गए." आता तिथे 'तन्वी, वय २६' लागणार. बोलता बोलता त्याने कार्ड उपटलं. फोटोचा कोपरा फाटला. मी ओरडले – "हाथ मत लगाना!" सहा वर्षांत पहिल्यांदा.

"काग़ज़ ही तो है यार," म्हणतो!

कार्ड हिसकावून घेतलं. मग तो समजुतीने सांगायला लागला. हॉस्पिटल खूश आहे. एक एप्रिलपासून रांगेत नंबराची पर्ची देणारी खिडकी बंद, सगळे नंबर अ‍ॅपवरच. "तेरी ही रिपोर्ट दिखाई उनको. सीनियर सिटीज़न, बिना मदद के, दो मिनट में." एवढ्या रागातही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

११ मार्च

त्या रिपोर्टमागची चाचणी आठवतेय. पाच माणसं मागितली होती. कामाच्या त्या टप्प्यात, म्हणजे स्प्रिंटमध्ये, दोन दिवस दिले. दोन दिवसांत माणसं कुठून आणायची? शेवटी कोलार रोडला घरीच, जेवायच्या टेबलाशी बाबांना बसवलं. म्हटलं, मी मधे बोलणार नाही हं. परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. ओटीपी आला तो तेवढा मी वाचून दाखवला, बाकी सगळं त्यांनीच केलं. "फर्स्टक्लास झालंय!" म्हणाले.

त्यानंतर दर महिन्याला शुगर दाखवायला जायचे. विचारलं की एकच – "तुझ्याच अ‍ॅपवर लावला नंबर." माझ्या कामातलं त्यांना कळलेलं हे एवढंच. आणि त्यांनी पास केलेल्या पानावर ही माणसं जाहिरात चिकटवणार? बघतेच.

१३ मार्च

मीटिंगमध्ये पट्टीवरून भांडले. दीड तास. पट्टी रद्द!

जेवताना सायलीने डबा पुढे सरकवला. हळूच म्हणाली, "वो फ़ोटो… पापा थे ना?" मी मान हलवली. "तो बोलना था ना, पागल." तिचे डोळे भरले. माझे नाही. अभिजीतशी अजून कामापुरतंच बोलते.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. कॉलनीत सकाळपासून डीजे. आमच्याकडे यंदा रंग नाही. बाबांची हॉस्पिटलची फाईल आवरायला घेतली.

आत चौदा पर्च्या. कागदी. सगळ्यांवर शिक्का – खिडकी क्रमांक तीन. वेळ सकाळी सहा-चाळीस, सहा-पन्नास. जानेवारीच्या थंडीतसुद्धा!

सगळ्यात जुनीच्या मागे बाबांचं अक्षर. 'ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं की पान पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा केलं. जमत नाही.'

आईला विचारलं. "फिरायला जातो म्हणून निघायचे. तुला सांगू नको म्हणाले. पोरीने इतकं मन लावून केलंय, ऑफिसात तिचं हसं होईल."

चौदा महिने रांगेत उभे राहिले. मला एक शब्द नाही! कसला राग येतोय त्यांचा. आणि मी? ओटीपी वाचून दाखवला, वर लिहिलं – 'बिना मदद'.

२० मार्च

मीटिंगमध्ये सांगितलं, रिपोर्ट चुकीचा आहे. मी लिहिलेला. अभिजीत ओरडला – "अब बोल रही है? एक तारीख़ को खिड़की बंद है!" म्हटलं, म्हणूनच आज बोलतेय. हॉस्पिटलला माझ्या नावाने मेल गेला – खिडकी बंद करू नका.

कार्ड पुन्हा भिंतीवर लावलं. 'प्रभाकरजी' खोडून बाबांचं खरं नाव लिहिलं, 'अच्युत'. खाली – चार वेळा केलं. जमलं नाही.