प्लवकांना मिळालेला अवधी

डोंबिवली, दिवाळी पाडवा, १९९१

आज औक्षण करणारे कोणी नव्हते. दुखवट्याच्या वर्षात घरी तळण करीत नाहीत, म्हणून कुमुदची धाकटी बहीण शैला फराळाचा डबा घेऊन आली.

डबा ठेवताच म्हणाली, "भावोजी, हा फ्लॅट विका आणि आमच्याकडे पुण्याला या. ताईच सांगायची ना, पूर्वी समुद्र तापला तेव्हा तिचे ते पाण्यात तरंगणारे चिमुकले प्लवक थंड पाण्याकडे सरकले, म्हणून तगले? तुम्ही काय त्यांच्याहून जड झालात?"

सगळे कुठे तगले? कुमुद आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली जी कवचे पाहत राहिली, त्यांत न तगलेल्यांचीही होती. मी चकली खाल्ली. उत्तम होती, त्याचाही राग आला. शैलाच्या मायेत खोट नाही, मग हा कडवटपणा कशासाठी?

निघताना तिने विचारले, "मग गिऱ्हाईक बघायला सांगू ह्यांना?"

जे प्लवक तगले, तेही पिढ्यान्‌पिढ्या सरकत गेले. समुद्राने त्यांना हजारो वर्षे दिली. कुमुद आषाढात गेली. माझ्या माणसांनी मला दिवाळीपर्यंतचा अवधी दिला.