धुराची वही

५ जून १९९३, पिंपळनेर
पुण्याचे सर पंपावर आले. राज्यभरातल्या गाड्या किती डिझेल-पेट्रोल जाळतात, त्यातून कार्बन डाय ऑक्साइड किती निघतो, ते काढताहेत. खानदेशातले सात पंप निवडलेत, त्यात आमचा. पंपाचे मालक केवलचंद शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं — सातवी पास, अक्षर बरं. गाडी कुठली, किती लिटर, कुठे चालली — रोज लिहायचं, साठ दिवस. ज्यांच्या वहीत एकही दिवस कोरा नसेल, त्यांच्यातून एकाला पुण्याच्या ऑफिसात घेणार!
दीड वर्ष नळी धरून उभा आहे. मला निघायचंच आहे इथून.

९ जून
एक लिटर डिझेल जळलं की पावणेतीन किलोच्या आसपास वायू निघतो. लिटरभर डिझेल तर किलोसुद्धा भरत नाही! बाकीचं वजन हवेतून येतं, असं सर म्हणाले. पंपावरच्या झुलालला सांगितलं. त्याला लिहिता येत नाही, पण जीभ तिखट. म्हणाला, शेठच्या कानावर घालू नको, धुराचे वेगळे पैसे लावतील. आता मला धूरमास्तर म्हणतो.

१७ जून
कॅनमधलं डिझेल वेगळ्या पानावर. ते विहिरीवरच्या इंजिनात जळतं, सरांना फक्त रस्त्यावरचं हवं. ट्रॅक्टरचं काय करायचं? ट्रॅक्टर घेऊन आलेल्या तोताराम आबांना विचारलं, शेतात जाळणार की रस्त्यावर?
"वावरमा जासू तं रस्तावरथीनच जासू ना? उडीसन जाऊ का?"
निम्मं-निम्मं लिहिलं.

३० जून
आज २१४ गाड्या. एकही सुटली नाही.

११ जुलै
सर वही बघून गेले. खूश. तुझ्या एका लिटरमागे राज्यातले हजारो लिटर आम्ही धरणार, म्हणाले. म्हणजे मी एक चुकलो की हजारो चुकणार. जेवताना तेच डोक्यात.

२० जुलै
धरणगावहून भाऊचं पत्र. रविवारी कानबाई, आमच्या खानदेशातला देवीचा सण. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या करतात. दूरचा माणूस त्यासाठी घर गाठतोच. आईचं बोलणं भाऊनं तसंच उतरवलंय — "तुना नावना गहू मोजेल शेतस. मागला साल बी तू उना नही."
मागच्या वर्षी गेलो नव्हतो, खरं. पण वहीचे पंधराच दिवस उरलेत. जाणार नाही.

२६ जुलै
गेलो. शनिवारी संध्याकाळी निघालो, साक्री, धुळे करत पहाटे घरी. आई पाठीवर हात फिरवत राहिली. रोट खाऊन लगेच परत. विसर्जन पाहिलं नाही.
रविवारचं पान कोरं. मागच्या रविवारचे आकडे बघून भरलं — सरळ उतरवले नाहीत, प्रत्येकात दोन-चार इकडेतिकडे केले. झुलाल बघत होता. म्हणाला, "मास्तर, धूर न बघताच तोलला?"
मी वही मिटून ठेवली.

४ ऑगस्ट
साठ दिवस पूर्ण. वही दिली.

१९ ऑगस्ट
पत्र आलं. माझी निवड! शेठनी पेढे वाटले. झुलालनं दोन खाल्ले, म्हणाला, पुण्याला जाऊन विसरू नको. रविवारबद्दल चकार शब्द काढला नाही.

६ सप्टेंबर, पुणे
पहिला दिवस. टेबल, खुर्ची, पंखा. समोर खानदेशातल्या सातही वह्या. सर म्हणाले, यात घरी बसून भरलेले दिवस असणार. तू पंपावरचा, तुला कळेल. तसं पान सापडलं की बेरजेतून काढायचं, त्या माणसाचं नाव कागदावर लिहायचं. त्याला आपल्याकडे पुन्हा काम नाही.
मी कुठेही शोधलं नाही. सरळ २५ जुलैचं पान उघडलं. सोनगीरच्या पंपाची वही — १८ जुलैचेच आकडे, जसेच्या तसे. पुढची वही, तेच. सहाही वह्यांत तेच. बठ्ठे, सगळेच्या सगळे, कानबाईला घरी!
सातवी वही माझी. तिच्यात बघून कुणालाच कळणार नाही. सरांनाही नाही.

७ सप्टेंबर
कागदावर सात नावं लिहिली. सकाळी सरांच्या टेबलावर ठेवला. ते अजून आलेले नाहीत.