शेवळांची भाजी

सूर्यमाळ,
१४ जून

प्रिय अवंती,
खूप खूप आशीर्वाद.

तुझे फोन वाजत होते, मी उचलले नाहीत. रेंज नाही असा मेसेज टाकला, तो खोटा होता. माझा गळा सुजला होता. आता बरा आहे, काळजी करू नकोस.

इथलं ठीक चाललंय. आरोग्य उपकेंद्रामागच्या खोलीत आता चांगली रुळलेय. पाणी अजून टँकरचंच. पाड्यावरची आशासेविका प्रमिला मला सख्ख्या बहिणीसारखी जपते. रविवारी तिनं शेवळं आणून दिली. ही रानभाजी मी कधी पाहिलीही नव्हती. जमिनीतून वर आलेले जांभळट कोंब, वरची पानं सोलली की आत दांडा. त्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर खाजतं. सोबत तिनं काकडं दिली होती, आवळ्याएवढी आंबट फळं. त्यांचा रस घातल्याशिवाय शिजवू नकोस, असं दोनदा बजावलं होतं.

मी पिवळा भाग काढला, कांदा परतला, भाजी छान शिजवली. काकडं मात्र ओट्यावरच राहिली. पहिल्याच घासाला गळ्यात सुया टोचल्यासारखं झालं. गोळी घेतली, चिंच चोखली. पण आवाज पार बसला. तोंडातून नुसती हवा.

भर दुपार होती. तेवढ्यात मागच्या उतारावरून हाक आली.

"चिमे, पान वाढलंय गं."

मला चिमी कोण म्हणायचं, ते तुला सांगायला नको. शेवटच्या आजारपणातला आईचा घोगरा आवाज नव्हता तो. आपण अंगणात खेळायचो तेव्हाचा होता, खणखणीत, किंचित रागावलेला.

मी मागचं दार उघडून बाहेर गेले. करवंदीच्या जाळीपाशी कुणी नव्हतं. वारा नव्हता, पाखरूही बोलत नव्हतं. पण कुणीतरी माझ्या उत्तरासाठी थांबलंय, हे मला कळत होतं. मी उतरू लागले. किती खाली गेले, आठवत नाही. प्रमिलानं मागून दंड धरला तेव्हा पुढं कडा होता. काकडं घातलीस का, हे विचारायला ती आली होती आणि उघडं दार बघून धावली होती.

घरात आणून तिनं मला बसवलं. झालेलं मी कागदावर लिहून दाखवलं.

"एकदाच हाक आली?"

मी मान डोलावली.

"आपला माणूस दोनदा, तीनदा हाक मारतो बाय. रानातलं ता एकदाच मारतं. तू ओ दिलीस?"

मी गळ्याकडे बोट दाखवलं. तिनं उठून मागचं दार लावून घेतलं. मग सांगितलं, की तिच्या आईनं, फागीनं, अशीच एका हाकेला ओ दिली होती. हातातला विळा न ठेवता ती हसत रानात गेली. नंतर ओहळात सापडली.

यावर माझा विश्वास आहे का, ते मला विचारू नकोस. सकाळी मी पाड्यावर बाळांना लस टोचते, तापाच्या गोळ्या देते. पण त्या दुपारी मला भीती वाटली नव्हती, अवंती. उलट बरं वाटलं होतं. मी ओ देतच होते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. गळ्यातून आवाज निघाला नाही, एवढंच.

हे तुला कळवणार नव्हते. पण काल तुझा मेसेज आला. संध्याकाळी स्वयंपाकघरातून आईनं हाक मारल्यासारखं वाटलं, असं तू लिहिलंयस. पुढं हसण्याचं चित्रही टाकलंयस.

फोन करू नकोस. सध्या मला नुसत्या आवाजाचा भरवसा वाटत नाही. तुझ्या हातानं लिहून कळव, तू ओ दिलीस का?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई
प्रांजल