विल्फचं अंडं

प्रिय विल्फ,

काल हॉलंडमधल्या तळ्यातून तुमचं बॉम्बर विमान वर काढलं. सातही जण आतच होते. तू शेपटाकडच्या बंदुकीपाशी.

महायुद्धाच्या टंचाईत आपल्या हवाई तळावर अंडं फक्त मोहिमेवरून परतणाऱ्यांना मिळायचं. निघताना तू माझ्या भटारखान्यात डोकावून चिडवायचास, "इनिड, मी नाही आलो तर माझं अंडं तू खा हं!"

"मेल्या, मुकाट्याने परत ये आणि स्वतःच गिळ!"

त्या पहाटे तुमची अंडी तळून मी वाट पाहिली. साहेब म्हणाले, "बेपत्ता." बेपत्ता माणूस कधीही भुकेला दारात उभा राहू शकतो. म्हणून इतकी वर्षं मी अंड्याला तोंड लावलं नाही. शेजारणी हसायच्या.

आज सकाळी एक तळलं.

तुझं अंडं मी खाल्लं, विल्फ.

तुझीच,
इनिड