आण्णांच्या पुतळ्यापुढची फुलं

९ नोव्हें., रवि.
सरावाला पाच जण. त्यातला एक मोबाईल बघायला आलेला. आण्णांनी संघ काढला तेव्हा सातात नंबर लागावा म्हणून भावाभावांत मारामाऱ्या व्हायच्या म्हणे. आता जमिनी गेल्या, पैसा आला, पोरांच्या ढेऱ्या सुटल्या. कबड्डी कोण खेळतंय!
जिल्ह्याच्या अर्जाला सात नावं लागतात. माझ्याकडं सहा. यंदा अर्ज गेला न्हाई तर यादीतनं संघाचं नाव कटलं. सेक्रेटरी मी. बापानं काढलं, लेकानं बुडवलं.

१२ नोव्हें.
वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मिकेल, चाकणला कंपनीत साहेब. स्पॅनिश म्हणलं की चिडतो, बास्क म्हणा म्हणतो; स्पेनातला त्यांचा मुलूख न्यारा म्हणे. मोडक्या हिंदीत त्याच्या फुटबॉल क्लबचं सांगत बसला. शंभरावर वर्षं झाली, बाहेरचा खेळाडू घेत न्हाईत. "सिर्फ हमारा लड़का." सगळं जग खेळाडू विकत घेतंय आन हे गडी घरच्या भाकरीवर! तरी कधी खालच्या गटात गेले न्हाईत. मैदानात जुन्या खेळाडूचा अर्धपुतळा हाय, पहिल्यांदा येणाऱ्या संघाचा कॅप्टन त्याला फुलं वाहतो.
अंगावर काटा आला. आण्णांचा नियम तोच की, गावचाच पोरगा! आण्णांचा अर्धपुतळा बी हाय गेटापाशी, कावळ्यांशिवाय कोण बघतंय. फुलांची प्रथा आपणही चालू करायची.

१६ नोव्हें., रवि.
मीटिंग. पुतण्या संभाजी, संघाचा कॅप्टन, त्यानं विषय काढला: गणेशला घ्या. गणेश आमच्या मागच्या खोल्यांत राहतो. बीडची माणसं. दोन वर्षांचा आला, आता चोवीस. आमच्याच मातीत शिकला. चढाईला गेला की एक-दोन गडी बाद करूनच येतो. इतकी वर्षं सराव आमच्यात, सामन्याला मात्र रेषेबाहेर.
म्हातारी मंडळी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी उठलो, मिकेलचा क्लब सांगितला. शंभर वर्षं, बाहेरचा एक न्हाई! टाळ्या पडल्या.
ग. दारात उभा होता. मला ठाऊक नव्हतं. म्हणजे, होतं.
एवढंच म्हणला, "सातबारा बघून पोरं घेताय व्हय तात्या? तुमचा तरी राहिलाय का?"
जमीन विकून नऊ वर्षं झाली. सगळ्यांसमोर बोलला. खरं बोलला.

१९ नोव्हें.
हिनं ताट आपटलं. "तापात माझ्या मांडीवर झोपलेलं पोर ते. बाहेरचं कधी झालं?"
म्हणलं, नियम हाय.
"मग नियमालाच वाढायला सांगा."

२६ नोव्हें.
ग. चाकणच्या एका कंपनीच्या संघात गेला. थेट कॅप्टन. त्यांनी आमच्याशी सरावाचा सामना मागितलाय, आमच्याच मैदानावर, १४ ला. संभाजीनं मला न विचारता हो म्हणून टाकलं.

३ डिसें.
मिकेलला फुशारकीनं सांगितलं, तुझ्या क्लबमुळं आमचा नियम वाचला बघ.
त्यानं विचारलं, "लड़का खेलना कहाँ सीखा?"
इथंच, म्हणलं.
मग म्हणला, "तो वो आपका है।"
त्यांच्यात म्हणे आईबाप कुठले का असेनात, त्यांच्या मुलखात खेळ शिकला तो त्यांचाच. तिथं जन्मलेला तर घेतातच, वाढलेलाही घेतात. "मैंने नहीं बोला?"
न्हाई बोललास बाबा. मी तरी कुठं विचारलं? मला पाहिजे तेवढं ऐकलं आन उठलो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो, तेही या वयात.

५ डिसें.
दोनदा ग.च्या दारापर्यंत गेलो. बाहेर त्याच्या चपला दिसल्या. परत आलो.
पुन्हा मीटिंग घेऊ म्हणलं तर म्हातारे म्हणतात, "तूच शंभर वर्षं सांगितलीस की. आता काय झालं रं?"
लाज वाटती. दुसरा शब्द न्हाई.

१४ डिसें., रवि.
ग.चं घर मैदानापासनं पन्नास पावलांवर, आला कंपनीच्या बसनं.
गेटापाशी संभाजीनं झेंडूचं ताट ठेवलेलं. मीच सांगितलं होतं, प्रथा चालू करायची म्हणून. बरोबरच्या पोरांनी विचारलं, हे कशाला?
ग. म्हणला, "पाहुण्या संघानं वाहायची असतात."
चपला काढल्या. फुलं वाहिली. चौथऱ्याला डोकं टेकलं. दर पुण्यतिथीला हा पुतळा घासूनपुसून धुतो तोच. धुवायचा, असं लिहायला पाहिजे आता.
मग माझ्याकडं आला, हात पुढं केला. "नमस्कार, सेक्रेटरीसाहेब."
बावीस वर्षं तात्या म्हणत होता.
आमी सहा जण खेळलो. गुण लिहीत न्हाई.

१५ डिसें.
अर्जाची उद्या शेवटची तारीख. सातव्या ओळीवर ग.चं नाव घातलंय. गावाच्या रकान्यात आपलं गाव. म्हाताऱ्यांना विचारलेलं न्हाई, काय बोंबलायचं ते बोंबलू देत. शेजारी खेळाडूची सही लागती.
हिला दाखवला. वाचून म्हणली, "मला काय दाखवताय?"
ग.ची फर्स्ट शिफ्ट सुटली असणार. मागं आत्ता गाडी बंद झाल्याचा आवाज आला. त्याचीच. कागद हातात हाय. तो दारात येऊन परत सेक्रेटरीसाहेब म्हणला तर मी काय म्हणू