नराची वाट

आप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की हे कुठं पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून खरं तेच लिहिते. जांबोटीच्या जंगलात मला एक भुंगेरा सापडला. नखाएवढा, डोकं नारिंगी, पंख काळे आणि कातड्यासारखे मऊ. गणवेशासारख्या रंगांमुळं या कुळाला सैनिक भुंगेरे म्हणतात. ही जात आजवर कुणी नोंदवलेली नव्हती. तिचं वर्णन मी लिहायचं आणि नावही मीच द्यायचं होतं. एकदा छापलं की ते नाव कायमचं, मी मेले तरी राहतं. आई हल्ली अनगोळला माझ्याकडं असते. ती हे ऐकून म्हणाली, "आप्पांचं नाव दे की गं त्याला. नाव चालवाय पोरगा न्हाय म्हणून लई तळमळले. तेवढं तरी ऱ्हाईल."

तळमळलात, व्हय. धाकटी झाली तेव्हा मी निपाणीच्या घरात चुलीपुढं भाकऱ्या थापत होते. तुम्ही तंबाखूच्या वखारीतून जेवायला आला होता. मावशी दवाखान्यातून निरोप घेऊन आली. "परत पोरगीच?" एवढंच म्हणालात आणि रिकामं ताट माझ्याकडं सरकवलंत, वाढ म्हणून. पुढचा तरी पोरगा व्हावा म्हणून तिचं नाव ठेवलंत नकोशी. पुढं कुणी झालंच नाही. ती मात्र रोज हजेरीला त्या नावाला ओ देत राहिली आणि वर्ग हसत राहिला. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर तिचं नवीन नाव लिहिलं, तर ते मोडू नये म्हणून ती ताट कुणाला हलवूच देईना.

आता गंमत ऐका. या भुंगेऱ्यांच्या माद्या एकीसारखी दुसरी दिसतात. जात वेगळी आहे हे ठरतं नराच्या पोटाचं टोक कापून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून. नर नाही तर वर्णन नाही. माझी एक विद्यार्थिनी जांबोटीला जाऊन झुडपं झोडायची, खाली उलटी छत्री धरायची, पडेल ते बाटलीत घालून आणायची. सगळ्या माद्याच. दोन पावसाळे आम्ही नराची वाट बघितली. शेवटी सापडला, तेव्हा मीच त्याला विषाच्या बाटलीत टाकला आणि पाय हलायचे थांबेपर्यंत बघत बसले. शेवटच्या दिवशी खाटेवर तुमचेही पाय असेच हलत होते. तेव्हाही मी बघतच बसले होते, आणि मला काही वाटलं नव्हतं.

नाव दिलं जांबोटीचं. लेख छापून आला. आईला सांगितलं तर ती पदरानं तुमच्या फोटोची काच पुसत राहिली. आता तुमचं नाव कुठंच चालायचं नाही. मला बरं वाटलं आप्पा, लई बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. नर सापडायच्या आदल्या खेपेला ती पोरगी जांबोटीहून भिजून आली होती. पायाला जळवा लागून रक्त येत होतं. तिनं मोठ्या आशेनं बाटली पुढं केली. मी भिंग लावून बघितलं. "परत मादीच?" म्हणाले, आणि बाटली तिच्याकडं सरकवली, तुम्ही ताट सरकवलं होतं तशी.