वादळाचा मजकूर

४ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, हे ध्रुवाजवळून आलंय की पलीकडच्या गल्लीतून? अरे, बोटांवर मोजण्याइतकी माणसं जातात तिथे तू जाऊन बसलायस आणि लिहितोस काय, तर जनरेटरचा पट्टा बदलला, भांडी घासायची पाळी होती, मोजे वाळत नाहीत. मोजे आमचेही वाळत नाहीत रे!

छापखान्यात सध्या ध्रुवावर गेलेल्या धाडसी लोकांच्या चरित्रांची माला आली आहे. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडेच. एकजण तंबूत मरायला टेकलाय, शाई गोठलीय म्हणून पेन्सिलीने लिहितोय, आणि लिहितोय तेसुद्धा असं की माझा चहा गार होतो आणि वेलांट्या तपासायच्या राहून जातात. तो माणूस बर्फात मरता मरता लिहितो आणि तुला गरम खोलीत बसून चार ओळी सुचू नयेत?

आपल्याकडेच छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकाचे संपादक माझ्या मागे लागलेत. तुमचा भाऊ तिथे आहे, तर प्रत्यक्ष पाहिलेली हकीकत द्या म्हणतात. मी फुशारकीने हो म्हणून बसले. आता माझी लाज तुझ्या हातात. एक तरी वादळ पाठव!

बाबांचा खोकला कमी आहे. टोपी घालत जा. माया आहेच, ती पत्राच्या लांबीवर अवलंबून नाही, पण लांब लिहिलंस तर वाढेल.

तुझी,
ताई

२८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुला हवं होतं तसं वादळ झालं. आता खूश हो.

आमच्या राहत्या घरापासून जनरेटरच्या खोलीपर्यंत एक दोर ताणलेला आहे. वादळात कमरेचा हूक त्या दोरात अडकवूनच जायचं. आपणहून हूक काढला तर पुढच्या विमानाने घरी, असा इथला नियम. त्या दिवशी वारा सुटला होता, स्वतःचा हात दिसत नव्हता. एकजण दोरापासून सुटला. दुसरा बाहेर जाऊन त्याला शोधून घेऊन आला. एकाच्या उजव्या हाताची दोन बोटं गारठून गेली, डॉक्टरांना काढावी लागली. दोघंही जिवंत आहेत. माझी दहाही बोटं जागेवर आहेत, काळजी नसावी.

आमचे आचारी, ज्यांना इथे सगळे मामा म्हणतात, ते आपल्याच गावचे, नदीपलीकडचे. त्यांच्या हाताला सध्या पट्टी आहे, म्हणून भांडी रोज माझ्याकडे. त्यांचा चष्माही वादळात गेला. नवा येईपर्यंत त्यांची पत्रं मी वाचून दाखवतो आणि लिहूनही देतो.

यापेक्षा जास्त विचारू नकोस. लिहावंसं वाटत नाही. बाबांना नमस्कार. राग नसावा.

तुझा,
ठोंब्या

२० नोव्हेंबर

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद आणि पाठीवर एक सणसणीत थाप!

किती रे तुझा विनय! म्हणे एकजण सुटला, दुसरा घेऊन आला. मी काय दूधखुळी आहे? तुझी बोटं शाबूत, मामांच्या हाताला पट्टी. कोण सुटलं आणि कोण आणायला गेलं, हे कळायला मुद्रितशोधक असावं लागत नाही. स्वतःची फुशारकी मारायची नाही, हे बाबांनी तुझ्यात फारच खोल रुजवलंय. म्हणून तुझ्या वतीने मीच लिहिलं. तीन स्तंभ छापून आलंय! कात्रण सोबत आहे. थोडा मीठमसाला लावलाय, पण चरित्रं वाचून वाचून हात बसलाय माझा. मामा बर्फात 'आई गं' म्हणून ओरडतात आणि तू त्या आवाजाच्या रोखाने जातोस, तिथे तर संपादकांचेसुद्धा डोळे पाणावले.

बाबांनी एक प्रत केस कापायच्या दुकानात आरशाशेजारी लावून घेतली. हल्ली एकदिवसाआड दाढी करायला जातात. कुणी वाचताना दिसलं की खोकतात.

आणि ऐक. मामांच्या बायको छापखान्यात आल्या होत्या. इस्पितळाच्या धुलाईत काम करतात, हात पार सुरकुतलेले. माझे दोन्ही हात धरून रडल्या. नवऱ्याने पत्रात एवढंच कळवलं होतं की गरम झाकणाने हात भाजला, आणि तेही दुसऱ्याच्या अक्षरात. अंक वाचल्यावर त्यांना खरं कळलं. निघताना मामांनी त्यांना वचन दिलं होतं की स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकणार नाही. आता धुलाईतल्या बायका विचारतात, नवरा दारातल्या दारात कसा हरवला गं, शुद्धीत होता ना? त्यांना मान वर करायची सोय राहिली नाही. नवऱ्याला चांगलं खरमरीत लिहिणार आहेत. मी त्यांची समजूत घातली. म्हटलं, चूक कुणाच्याही हातून होते, मोठ्या मनाने माफ करा.

अभिमानाने ऊर भरून आलाय. असाच राहा, आणखी काय मागू?

तुझी,
ताई

१२ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू सगळं उलटं छापलंस. हरवलो तो मी. आणायला आले ते मामा.

पत्र मी जेवणाच्या टेबलावर उघडलं, हीसुद्धा माझीच चूक. कात्रण खाली पडलं, ते आमच्या रेडिओवाल्याने उचललं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माझी थट्टा करावी एवढाच त्याचा हेतू. मामा डाव्या हाताने सगळ्यांना सूप वाढत होते. वाचता वाचता तो 'आई गं'पाशी आला आणि थांबला. इथे सगळ्यांना माहीत आहे कुणी कुणाला आणलं. कुणी हसलं नाही, ताई. हसले असते तर बरं झालं असतं. मामांनी त्याच्या वाडग्यात सूप घातलं आणि म्हणाले, ताईंनी वारा छान लिहिलाय, अगदी असाच होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.  आणि तरीही मी मान खाली घालून पाव चावत बसलो.

'आई गं' मी ओरडलो होतो. तू नकळत ते मामांच्या तोंडी घातलंस.

अजून एक आहे, ते फक्त मामांना आणि मला ठाऊक आहे. माझा हूक सुटला नव्हता. मी काढला. तुझं 'एक तरी वादळ पाठव' डोक्यात घोळत होतं. वाटलं, चार पावलं दोराशिवाय चालून बघावं, म्हणजे ताईला लिहायला काहीतरी होईल. चार पावलं टाकली, वळलो, तर दोर नाही. हात फिरवत राहिलो आणि बहुधा लांब लांबच गेलो. मामा स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या कपाळावरच्या दिव्याचा अंधुक ठिपका बघत होते. दिवा भलतीकडे जाताना दिसला तसे अंगावर मिळेल ते चढवून निघाले. मला ओढत आणताना दोर चाचपायला त्यांनी उजवा हातमोजा काढला, तो वाऱ्याने नेला. इथल्या प्रमुखांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, पोराचा हूक ढिला होता. मी तिथेच उभा होतो. हो म्हणालो.

आणि मामींना गेलेलं ते भाजल्याचं पत्र माझ्याच अक्षरातलं. ते सांगत होते, मी लिहीत होतो. वचन मोडलं म्हणून बायको काळजी करत बसेल, एवढंच त्यांच्या मनात. माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. मला ते सोयीचं होतं.

आता मी माफ करा वगैरे लिहीत नाही. तू आधी मामींकडे जा आणि सांग. मग माझं नाव घालून सगळं छाप. बाबांनाही वाचून दाखव.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही.

ठोंब्या

४ जानेवारी

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. मला म्हणतोस नाव घालून छाप, आणि स्वतः त्याच टेबलावर बसून मुकाट्याने पाव चावतोस? गावाला माझ्या तोंडून सांगायचं, आणि तुमच्या प्रमुखांना? दोर मी सोडला, हे त्यांना तू कधी सांगणार? की तेही मीच छापू?

मग राग ओसरला आणि माझं मला दिसायला लागलं. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते मी. आणि एवढी मोठी चूक हौसेने, नटवून सजवून, गावभर वाटली. वर त्या बाईला म्हणाले, मोठ्या मनाने माफ करा! आठवलं की कान गरम होतात.

खरं सांगते, लगेच गेले नाही. धुलाईच्या दारापर्यंत जायची आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत फिरायची. ठोंब्या परत आल्यावर बघू, असंही मनात आलं. एकदा मामींनीच पाहिलं आणि आत बोलावलं. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी धरलं आणि घडी घालता घालता सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता माझ्या तोंडावर थुंकतील. त्यांनी ती घडी पुरी केली, वर ठेवली, आणि मटकन खाली बसल्या. तुझ्याबद्दल, माझ्याबद्दल एक अक्षर नाही. एवढंच म्हणाल्या की नवऱ्याला मी नको नको ते लिहिलंय आणि परवाच टपालात टाकलंय. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, ते पत्र त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

आता ते पत्र आणि हे पत्र टपालाच्या एकाच थैलीतून येणार. वाचून तूच दाखवणार. तिखट तेवढं गाळ, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. पण दुसऱ्याच्या पत्रात काय गाळावं नि काय घालावं हे सांगायचा माझा हक्क आता संपला. मामींचं म्हणणं कळवलं. पुढचं तुझं तू बघ.

बाबांनी कात्रण स्वतः जाऊन काढून आणलं. त्यानंतर दाढीला गेलेले नाहीत, पांढरे खुंट वाढलेत. तुझ्या गेल्या पत्रातलं मामांबद्दलचं पुन्हा वाचून घेतात.

संपादक म्हणाले, दोन ओळींत नजरचूक म्हणून टाकू. मी म्हटलं, तीन स्तंभ खोटं छापलंय, खरंही तीन स्तंभ छापा. पुढच्या अंकात, त्याच पानावर येतंय. तुझं नाव आहे. खाली माझंही आहे.

माया कमी झालेली नाही. तशी इच्छा केली तरी होत नाही.

तुझी,
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

थैली उघडल्यावर तुझं पत्र आधी वाचलं आणि तसाच प्रमुखांकडे गेलो. हूक मी काढला, मामांनी मला वाचवायला खोटं सांगितलं, सगळं बोललो. त्यांनी नियम सांगितला. मला तो पाठ होता. मामांना काही होणार नाही, हे त्यांच्याकडून वदवून घेतलं. पुढच्या विमानाने मी येतोय. रात्री जेवायला सगळे जमले तेव्हा उभा राहून पुन्हा सांगितलं. 

मग मामींचं पत्र. नवा चष्मा याही विमानाने आला नाही. मामा पाकीट हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. लपवायचं मनात होतं, पण ते बघून माझ्याने होईना. मी सांगितलं की मामींना आता खरं कळलंय, त्यांना या पत्राचा पस्तावा होतोय, हे वाचू नये असं त्यांनी कळवलंय. मामा म्हणाले, तिची पत्रं काही फार येत नाहीत, वाच.

मग वाचलं. एक शब्द गाळला नाही. तुमच्यामुळे मला मान खाली घालून फिरावं लागतं. साधं दार सापडलं नाही तुम्हाला. दिलेलं वचन पाळता येत नाही तर देता कशाला. कागदावर मामांचं नाव होतं, आणि वाचत होतो तो मी. प्रत्येक ओळ माझी होती. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी मामींनी लिहिलं होतं, त्या पोरामुळे तुम्ही मला परत मिळणार आहात, माझ्या वतीने त्याला एकदा पोटभर जेवू घाला.

तेही वाचलं.

मामा उठले. माझं जेवण झालं होतं, त्यांनी पाहिलं होतं. तरी आत जाऊन ताट भरून आणलं, डाव्या हाताने सांडत, लवंडत, आणि माझ्यापुढे ठेवलं. मी खाल्लं, ताई. नको म्हणायची माझी लायकी नव्हती. ते समोर बसून राहिले, मी पुसून खाईपर्यंत.

नंतर कागद काढून विचारलं, मामींना काय उत्तर लिहू? म्हणाले, तू जातोयस ना, मग तूच सांग. तिला म्हणावं, तू लिहिलंस तसं पोराला पोटभर जेवू घातलं.

तेव्हा घ्यायला येऊ नकोस. मी आधी मामींकडे जाणार आहे. तिथून घरी येईन तेव्हा आत घ्या, एवढंच मागणं.

ठोंब्या